मान्यच्या पुढे एक शब्द

आमच्या घरमालकांनी मला भांडे मंडळाची सभासद करून घेतलं त्या दिवशी मी माझ्याच स्वयंपाकघरातून खोकत बाहेर आले होते.

फुलसावंगीहून ढाणकीकडे जाताना लागणारं ते गाव. मी तिथल्या उपकेंद्रात नर्स होते, त्यामुळे लहानथोर सगळे मला सिस्टरच म्हणायचे. नवरा यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला. शनिवारी यायचा, सोमवारी पहिल्या गाडीनं जायचा. गावात एक भांडे मंडळ होतं. भात शिजवायचे मोठमोठे गंज, कढया, पराती, झारे, बादल्या, सतरंज्या, सगळं सामायिक. लग्न असो, बारसं असो की तेरवी, सभासदाच्या घरी भांडी जाणार आणि घासूनपुसून परत येणार. भाड्यानं भांडी देणाऱ्या बिछायत केंद्रवाल्याच्या दारात उभं राहायला लागू नये म्हणून जुन्या माणसांनी काढलेली सोय. माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस जवळ आला होता. म्हटलं आपणही सभासद होऊन टाकू. नियम तर सोपाच होता: ज्याची चूल गावात, तो सभासद.

"पण सिस्टर, तुमच्या इथं तं गॅस आहे," घरमालक म्हणाले.

"मग? गॅसवर काय स्वयंपाक होत नाही?"

"होते ना जी. पण तांड्याच्या टायमाले आपण ठरवलं होतं का भांड्याच्या खोलीच्या पायरीवरून ज्याच्या चुलीचा धूर दिसते, तो गावातला. म्हून तं नाल्यापलीकडचा तांडा सभासद झाला. आता गॅसचा धूर कुठून दिसन?"

मला वाटलं म्हातारा गंमत करतोय. म्हटलं, "मग घर पेटवू का?" त्यावर ते खरोखरच विचार करायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "घर नको. फोडणी द्या. लाल मिरचीची." आणि मंडळाचे दोन पंच घेऊन चार घरं पलीकडच्या त्या पायरीवर जाऊन उभे राहिले. मी मूठभर मिरच्या तेलात टाकल्या आणि जीव घेऊन बाहेर पळाले. पायरीवर दोन्ही पंच शिंकत होते. घरमालकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मान ताठ. "धूर नाही दिसला," ते म्हणाले, "पण ठसका पोचला. मंजूर." आणि खिशातून पंच काढून तो त्यांनी टिकटिक वाजवला.

हा पंच म्हणजे पंचांपैकी नव्हे, तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा. घरमालक उमरखेड एसटी डेपोचे निवृत्त कंडक्टर. तिकिटाची मशीन आल्यावर तो पंच निकामी झाला, आणि निवृत्तीच्या वेळी सोबतच्या लोकांनी आठवण म्हणून तो त्यांना दिला. सारं गाव त्यांना कंडक्टर काकाच म्हणायचं. शर्टाच्या डाव्या खिशात पंच, उजव्या हाताची दोन बोटं सतत त्याच्याकडे जायची. देवळात प्रसादाच्या रांगेत उभे राहिले तरी तोंडातून निघायचं, "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा नाही." मंडळात त्यांचं काम एकच होतं, निवडणूक अधिकारी. अध्यक्ष, सचिव, खजिनदार बदलायचे. हे मात्र भांड्यांच्या खोलीसमोरच्या कडुनिंबासारखे जागच्या जागी.

त्यांना एका शब्दाची चीड होती: अविरोध. एखाद्याचा एकटाच अर्ज आला आणि कोणी "अविरोध, अविरोध" म्हणून टाळ्या पिटायला लागला की काका पंच वाजवून सभा थांबवत. "अविरोध म्हणजे कोणाचं ध्यान नव्हतं," ते म्हणायचे. त्यांच्या नियमात एकट्या उमेदवारालाही मतदान लागायचं. कडुनिंबाला सतरंजी बांधून आडोसा करायचे, त्यामागे दोन गंज, एक उमेदवाराचा आणि एक 'नको'चा. प्रत्येक सभासदाला तुरीचा एक दाणा. पहिल्या वर्षी म्हणे आडोशाबाहेर लोक कान टवकारून बसले होते; मोठ्या गंजात दाणा पडला की टण्ण, लहान गंजात पडला की टिंग. निकाल मोजायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक, आणि कोण कोणाच्या विरोधात गेलं तेही ठाऊक. दोन घरांत भांडणं लागली. तेव्हापासून काका गंजाच्या तळाशी बारदाना अंथरतात, आणि स्वतः दाणा टाकून, कान लावून तपासतात.

हे वेड त्यांनी घरातही चालवलं होतं. आमच्या मधल्या भिंतीतून मला सकाळी ऐकू यायचं, "मी वांगे सुचवतो. अनुमोदन?" त्यावर काकूंचा आवाज, "अजी, अनुमोदन गेलं चुलीत. कालचं वरण आहे, तेच खा. या घरात मी अविरोध आहो."

पण खरा चक्रावून टाकणारा नियम वेगळाच होता. मी पहिल्यांदा सभेला गेले तेव्हा माझा विश्वासच बसेना. लग्नसराई आटोपली की पेरणीच्या आधी ही सभा व्हायची. सचिवपदासाठी एका माणसाचं नाव आलं. सूचकानं उठून त्याचे गुण सांगितले, मेहनती आहे, खोलीची चाबी संभाळील वगैरे. इथवर ठीक. मग काका म्हणाले, "आता अनुमोदक. खोड सांगा."

अनुमोदक उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "याचा सकाळी डोळा उघडत नाही. तेरवीचे भांडे पाचले पाह्यजे असते, हा आठले उठते."

मी म्हटलं, आता धरतात एकमेकांची गचांडी! पण उमेदवार जागचा हलला नाही. काका त्याच्याकडं वळले. "उमेदवार?"

"मान्य," तो म्हणाला आणि खाली बसला.

असा तो नियम. सूचकानं गुण सांगायचा, अनुमोदकानं एक खोड. खोड कामाशी जुळणारी पाहिजे. कोणाची जात, घरचं भांडण, अंगातलं व्यंग काढायचं नाही. आणि उमेदवारानं फक्त 'मान्य' म्हणायचं. मान्यच्या पुढे एक शब्द बोलला की अर्ज बाद. भांड्यांच्या खोलीच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं तसं लिहिलेलंच आहे. कोणी "मान्य, पण" म्हणाला, बाद. एक शिकलेला पोरगा होता, पुसदला कॉलेज केलेला, तो हात जोडून "मान्य, धन्यवाद" म्हणाला. तोही बाद! पोरगा रडकुंडीला आला. "काका, मी तं आभार मानले."

"आभार घरी माना," काका म्हणाले आणि पंच वाजवला.

एकदा एका अनुमोदकानं चलाखी केली. म्हणाला, "याची खोड हेच का हा फार इमानदार आहे." काकांनी त्याला खाली बसवलं. "गोड नको सांगू, खोड सांग."

मला आधी हा सगळा खुळेपणा वाटायचा. म्हटलं, माणसाला चारचौघांत उघडं पाडून काय मिळतं? पण तो आठला उठणारा माणूस निवडून आला आणि त्याच सभेत ठरलं की खोलीची चाबी रात्री त्याच्या आईकडं राहील. म्हातारी चारला उठते. वर्षभर एकाही तेरवीला भांड्यांचा उशीर झाला नाही. तांड्यातली सोनीबाई खजिनदार झाली तेव्हा अनुमोदकानं सांगितलं, हिशोब पक्का, पण रुसली की तीन दिवस कोणाशी बोलत नाही. सोनीबाई डोळे वटारून "मान्य" म्हणाली. ती रुसली की मग हिशोब तिच्या सुनेला विचारायचा, असं ठरून गेलं. काका म्हणायचे, "सिस्टर, बादलीले अर्ध्यात भोक असलं तं बादली फेकाची नाही. भोकाच्या खाली भराची. पण भोक कुठं आहे ते तं मालूम पाह्यजे."

आता मला एक खोड आहे, ती मीच सांगते: मला चौकशी केल्याशिवाय राहवत नाही. हा नियम यांच्या डोक्यात आला कुठून, या विचारानं मी पछाडले. किराणावाला म्हणाला, कंडक्टरला वरच्या साहेबानं एकदा खोटं प्रमाणपत्र दिलं होतं, तेव्हापासून. सोनीबाई म्हणाली, "काई नाही सिस्टर, बुढ्याले लोकायच्या खोडी ऐकाचा शौक आहे." खुद्द काकांना विचारलं तर त्यांनी खिशाला हात लावला आणि विषय वांग्यांवर नेला.

शेवटी काकूंनी सांगितलं, अंगणात तुरीतले खडे वेचता वेचता.

काकूंचा धाकटा भाऊ देवराव. त्याच गावात, तीन गल्ल्या सोडून घर. मऊ स्वभावाचा, कोणाला म्हणून नाही म्हणायचा नाही. अशा माणसाला काकांनीच मंडळाचा सचिव केला होता. सूचक काका. "देवरावसारखा माणूस दिवा घेऊन शोधा तं भेटणार नाही," असं भाषण केलं. अविरोध झाला, हारतुरे झाले. आणि पुढच्या लग्नसराईत एकाच दिवशी दोन घरची लग्नं आली. दोघांनी भांडी मागितली, देवरावनं दोघांनाही हो म्हटलं. आयत्या वेळी भांबावून त्यानं सामान वाटलं, तर एका मांडवात गंज गेले आणि दुसऱ्या मांडवात त्यांची झाकणं. झाकणांवर काय भात शिजतो? घमेल्यात शिजवला, कच्चा राहिला. नवरदेवाकडची माणसं उपाशी परत गेली. त्या पोरीला सासरी किती टोमणे खावे लागले ते तिचं तिलाच ठाऊक. देवरावनं चाबी आणून पायरीवर ठेवली आणि त्यानंतर तो सभेला कधी आला नाही.

"यायले मालूम होतं," काकू म्हणाल्या. "देवरावले नाही म्हणता येत नाही, हे साऱ्या गावाले मालूम होतं. पण सांगन कोण? त्याच महिन्यात यायनं भिंतीवर नियम लिहला."

"आणि देवरावभाऊंशी काय बोलले?"

काकूंनी एक खडा उचलून लांब फेकला. "काहीच नाही. तवापासून बोलणं बंद. भांडण नाही, तंटा नाही. भाऊबीजेले माहा भाऊ घरी येते तं हे एसटी स्टँडवर जाऊन बसते. म्हणते, ड्युटी आहे. निवृत्त माणसाले कायची ड्युटी वं, सिस्टर?"

मी देवरावकडं दर महिन्याला बीपी तपासायला जायचे. गोळ्या दिल्या की तो हमखास विचारायचा, "भाऊजी बरे आहे ना? गुडघा दुखून राह्यला का अजून?" मी म्हणायचे, जाऊन विचारा ना. तो हसायचा, हो म्हणायचा आणि जायचा नाही. हो म्हणण्यात त्याचं काही जात नव्हतं.

मग ती सभा आली. सगळं सुरळीत चाललं होतं. कोणाची तरी खोड सांगून झाली होती, काका पंच वाजवणार, इतक्यात सोनीबाई उठली. डोक्यावरचा पदर सावरून तिनं सरळ विचारलं, "कंडक्टर काका, एक सांगा. आमाले सगळ्याले तुमी खोड सांगाले लावता. तुमाले कोणं निवडलं? तुमचा सूचक कोण? अनुमोदक कोण?"

लोक आधी हसले. मग थांबले, कारण कोणालाच आठवेना. काकांनी भिंतीवरच्या नियमांकडं पाहिलं. तिथं अध्यक्ष होता, सचिव होता, खजिनदार होता; निवडणूक अधिकारी कसा निवडायचा याचा एक शब्द नव्हता. आपण स्वतःच हातात पंच घेऊन उभे राहिलो आणि लोकांनी राहू दिलं, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं असावं. चेहरा एवढासा झाला. "सभा तहकूब," ते म्हणाले आणि पंच न वाजवताच घरी गेले.

दोन दिवस वांगीही सुचवली नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन उभे.

"सिस्टर, मी बिना तिकटाचा निंघलो."

"काका, काय मनाला लावून घेता? तुमच्याशिवाय कोण करणार हे?"

"हेच तं सारे फुकटे म्हणते," ते म्हणाले. "किती लोकाले मी अर्ध्या रस्त्यात खाली उतरवलं. म्हातारे होते, बाया होत्या. तिकीट नाही, उतर. आता मी कसा बसून राहू?" मी त्यांना पाणी दिलं. निवृत्तीनंतर त्या माणसापाशी दुसरं काही नव्हतं हो. मूलबाळ नाही, शेत बटईनं दिलेलं. वर्षातून एकदा पंच वाजवायचा आणि उरलेलं वर्ष त्या सभेची तयारी करायची. ते पद गेलं तर हा माणूस करेल काय, याची मला खरोखर भीती वाटली.

त्यांनीच मार्ग काढला. पुन्हा सभा घ्यायची, निवडणूक अधिकाऱ्याचीच निवडणूक करायची. पण ती घेणार कोण? "तुमी," ते मला म्हणाले. "तुमची आज ना उद्या बदली होईन. तुमाले कोणाच्या घरचं घेणंदेणं नाही." आणि खिशातून काढून पंच माझ्या हातावर ठेवला. गरम होता, खिशातला.

मग ते नाला ओलांडून तांड्यात गेले. मी सोबत होते म्हणून सांगते, नाहीतर कोणी सांगितलं असतं तर मला खरं वाटलं नसतं. सोनीबाई अंगणात बाजेवर गादीतला कापूस वाळवत होती. काका उभ्यानंच म्हणाले, "सोनीबाई, माह्याविरुद्ध उभ्या राहा."

"काहून?"

"अविरोध नाही पाह्यजे मले."

सोनीबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अन् मी निवडून आली तं?"

"तं आल्या."

"बुढा लय खट आहे," ती माझ्याकडं पाहून म्हणाली, आणि उभी राहायला तयार झाली. रुसलीबिसली नाही.

गावात मात्र वेगळाच उत्साह. आता कंडक्टरची खोड कोण सांगणार? पानठेल्यावर रोज नवीन खोड निघायची. हेकट आहे. कोणाचं ऐकत नाही. स्वतःले कलेक्टर समजते. जो तो म्हणायचा, मीच देतो अनुमोदन, येऊ द्या तो दिवस. मी देवरावकडं बीपी तपासायला गेले तेव्हा त्यानंही विचारलं, "भाऊजीले अनुमोदन कोण देऊन राह्यलं?" मी म्हटलं, रांग लागली आहे. त्या दिवशी त्याचं बीपी जरा चढलेलं होतं.

सभेला गाव लोटलं. एरवी न येणारेही आले. सोनीबाईचं आधी झालं. तीच खोड, तीन दिवसांची, आणि तेच वटारलेले डोळे. "मान्य." मग काकांचं नाव. किराणावाला सूचक झाला, चार बरे शब्द बोलला. मी म्हटलं, "अनुमोदक?"

कोणी उठेना.

पानठेल्यावरचे सगळे शूर चपलांकडं बघत बसले. पाठीमागं बोलायला काय जातं? समोर तो माणूस उभा होता, हात बाजूला सोडून, खिसा रिकामा. त्यानं ज्याला त्याला कधी ना कधी उभं राहून 'मान्य' म्हणायला शिकवलं होतं, आणि त्याच्यासाठी उठायला एक माणूस नव्हता. मला राग आला, खरंच आला. पण नियम होता. तीन वेळा पंच वाजेपर्यंत अनुमोदक उभा राहिला नाही, तर अर्ज पडला.

मी एकदा वाजवला. थांबले. काकू मागच्या रांगेत पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. एकाच चुलीवर जेवणाऱ्यांना एकमेकांना अनुमोदन देता येत नाही, हाही काकांचाच नियम. मी दुसऱ्यांदा वाजवला. पुन्हा थांबले, जरा जास्तच थांबले. काका माझ्याकडं पाहून मानेनं खुणावत होते, वाजवा म्हणून.

"थांबा सिस्टर." आवाज भांड्यांच्या खोलीच्या आडून आला. देवराव. पायरीला हात टेकून तो पुढं आला. त्या पायरीवर चाबी ठेवून गेल्यापासून तो तिथं आला नव्हता.

"मी देतो अनुमोदन," तो म्हणाला. काकांकडं न बघता, माझ्याकडं बघून बोलला. "खोड सांगतो. या माणसाले माणसाशी बोलता येत नाही. माही चूक झाली तवा यायनं भिंतीवर नियम लिहला. चांगला लिहला. साऱ्या गावाच्या कामी आला. पण तीन गल्ल्या सोडून माहं घर होतं. एक डाव येऊन मले गधा म्हणाचं होतं, दोन चपला माराच्या होत्या. मी दार उघडं ठेवून वाट पाहून राह्यलतो. हे भिंतीशी बोलले, माह्याशी नाही बोलले."

तो थांबला. धाप लागली होती. मग म्हणाला, "एवढीच खोड. बाकी माणूस सोनं आहे," आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त केलं, "ते सूचकाचं काम आहे. माहं झालं."

मी काकांकडं वळले. "उमेदवार?"

त्यांची दोन बोटं खिशाकडं गेली, रिकाम्या खिशाला लागली आणि परत आली. ओठ हलत होते. मला वाटलं, आता 'पण' येणार. मी मनातल्या मनात म्हणत होते, काका, एक शब्द. फक्त एक शब्द बोला आणि खाली बसा, तुमची खुर्ची तुमच्याकडंच राहील.

"मान्य," ते म्हणाले.

सगळ्यांनी श्वास सोडला. पण ते खाली बसले नाहीत. देवरावकडं वळले, समोरासमोर.

"मान्य. अन् चुकलं माह्यं, देवराव. मालूम असून मीच तुह्यं नाव सुचवलं होतं. शरम माही होती, अन् सजा तुले देली."

मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा माझ्या हातातल्या पंचाकडं आल्या. मी पंच पदराआड केला.

"सिस्टर," काका म्हणाले, "वाजवा."

"कशाला?"

"मान्यच्या पुढं बोललो मी."

"मी काही ऐकलं नाही. कोणी ऐकलं का हो?" मी सभेला विचारलं. आणि गावानं, त्या चहाडखोर गावानं, एका सुरात सांगितलं की कोणी काही ऐकलं नाही. किराणावाला तर म्हणाला, आपल्याले तसंही एका कानानं कमीच ऐकू येते. सोनीबाई ओरडली, "राहू द्या ना जी! मी मागं घेतो माहं नाव!"

"कोणी नाव मागं घेणार नाही," काका म्हणाले. "धन्यवाद म्हणलेल्या पोराले मी बाद केलं होतं. तो पोरगा इथंच बसला आहे. वाजवा, सिस्टर."

मी वाजवला. किती हलका वाजला तो, कोरड्या पानासारखा. "अर्ज बाद," मी म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरच्यांशिवाय.

मग सोनीबाईचं मतदान. एकटीच उमेदवार, म्हणून शेजारी 'नको'चा गंज. मी दाणे वाटत होते. निवडणूक अधिकाऱ्याला मत नसतं, त्यामुळं काका आयुष्यात पहिल्यांदा त्या रांगेत उभे होते. मी त्यांच्या तळहातावर तुरीचा दाणा ठेवला, तर ते त्याच्याकडं असे बघत राहिले की जणू पहिल्यांदाच तूर पाहतायत. सतरंजीमागं गेले ते लवकर बाहेरच येईनात. कान लावून बारदाना तपासत असतील, दुसरं काय! शेवटी मागून तो कॉलेजवाला पोरगा ओरडला, "पुढं सरका काका, पुढं सरका, मागं जागा नाही!" सगळी सभा खो खो हसली. काका बाहेर आले तेव्हा तेही हसत होते. सोनीबाई निवडून आली. मी पंच तिच्या हाती दिला, तिनं तो दोनदा वाजवून पाहिला, आणि पहिलाच हुकूम सोडला की गंज खोलीत जाऊ द्या.

माणसं पांगली. मोठा गंज उचलायला दोघं लागतात. एका कानाला काका होते, दुसऱ्या कानाला कोण आलं ते त्यांनी आधी पाहिलंच नसावं. उचलताना दोघांचं एकमेकांकडं लक्ष गेलं. त्यांनी तो आत नेऊन ठेवला. देवरावनं झाकण शोधून वर घातलं, नीट बसलं की नाही ते दाबून पाहिलं.

बाहेर येऊन काकांनी हात झटकले. "देवराव," ते जमिनीकडं बघून म्हणाले, "घरी चाल. तुह्या बहिणीनं वांगे केले आहे. जेव अन् जाय."

काकूंनी माझा दंड घट्ट धरला. आता तो हो म्हणणार. जन्मात कोणाला नाही म्हणाला नव्हता तो.

"नाही," देवराव म्हणाला.

काका चमकून वर बघायला लागले.

"नाही, भाऊजी. पह्यले तुमी माह्या घरी या. आज."

काकांची बोटं खिशाकडं गेली नाहीत. पायातली चप्पल नीट केली, आणि तीन गल्ल्यांच्या दिशेनं वळत म्हणाले,

"मान्य."